घरं घेताय, मग नोकरी सोडायची का? आधी हा हिशोब मांडा

एक फ्लॅट राहायला, दुसरा भाड्यानं दिलेला, तिसऱ्याचं बुकिंग करायच्या बेतात. या टप्प्यावर पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच नोकरदारांना वाटू लागतं, आता साहेबापुढे रजेचा अर्ज घेऊन किती दिवस उभं राहायचं? त्यात ऑफिसमधलाच कुणीतरी सांगतो की अमक्यानं पाच घरं घेतली आणि पंचेचाळिसाव्या वर्षी राजीनामा दिला. त्या पाच घरांवर कर्ज किती होतं आणि त्याची बायको कुठं नोकरीला होती, हे मात्र तो सांगत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत निवासी फ्लॅटच्या भाड्यावर नोकरी सोडणं बहुतेकांना झेपत नाही. ज्यांना झेपतं, त्यांच्याकडे एकतर वाडवडिलांची कर्जमुक्त मिळकत असते, किंवा त्यांनी मालमत्तेचा पूर्णवेळ धंदा मांडलेला असतो. तुमचं काय होईल ते कागद-पेन घेऊन ठरवा. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. त्यातली पहिली सगळ्यात मोठी, कारण निम्म्या लोकांचा निर्णय तिथंच होतो.

पायरी 1: हातात पडणारं भाडं काढा

एजंट ज्याला भाडं म्हणतो, त्यातलं वर्षाच्या शेवटी तुमच्या हातात किती उरतं ते पाहायचं आहे. उदाहरण म्हणून वारजे किंवा धायरीकडचा 70 लाखांचा, रिसेलचा दोन बेडरूमचा फ्लॅट धरू.

पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह 7 टक्के, म्हणजे 4 लाख 90 हजार. (घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का कमी.) नोंदणी शुल्क 30 हजार. एजंटचा एक टक्का, 70 हजार. ट्रॉल्या, पंखे, गीझर, जाळ्या आणि रंग यांसाठी 3 लाख धरा. म्हणजे 70 लाखांचं घर तुम्हाला जवळजवळ 78 लाख 90 हजारांना पडलं.

कर्ज 30 ते 75 लाखांमध्ये असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँक किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच देते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च या किमतीत धरत नाहीत. तेव्हा 56 लाखांचं कर्ज आणि खिशातून साधारण 23 लाख. साडेआठ टक्के दरानं 20 वर्षांसाठी हप्ता येतो सुमारे 48,600 रुपये.

आता भाडं. महिना 24,000 धरू. दोन भाडेकरूंच्या मध्ये घर रिकामं राहतं, म्हणून वर्षाचे अकरा महिनेच धरायचे: 2 लाख 64 हजार. त्यातून जातं ते असं:

- सोसायटीचा मेंटेनन्स: 42,000
- मिळकतकर: 15,000
- एजंटची दलाली (एका महिन्याचं भाडं, दोन वर्षांत विभागून): 12,000
- नळ, गळती, रंग, गीझर: 15,000

उरले 1 लाख 80 हजार. महिन्याला 15 हजार.

मिळकतकराबाबत एक गोष्ट पुण्यात हमखास विसरली जाते. स्वतः राहणाऱ्याला मिळणारी 40 टक्के सवलत घर भाड्यानं दिलं की जाते. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटीही बिनभोगवटा शुल्क लावते. सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त ते लावता येत नाही, पण कित्येक सोसायट्या तरी लावतात आणि मालक मुकाट्यानं भरतात.

म्हणजे 48,600 चा हप्ता आणि हातात 15,000. दरमहा 33,600 रुपये तुमच्या पगारातून जाणार. त्या फ्लॅटला तुमची नोकरी पोसते आहे. कर्ज पूर्ण फिटलेलं धरलं, तरी 78.9 लाखांवर वर्षाला 1.8 लाख म्हणजे सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. महिना 80 हजार घरखर्च असलेल्या कुटुंबाला नुसत्या भाड्यावर जगायचं तर असे सहा कर्जमुक्त फ्लॅट लागतील. त्यांची किंमत पावणेपाच कोटींच्या घरात जाते.

आणखी एक आकडा काढून ठेवा. पहिल्या वर्षी हप्त्यांचे 5 लाख 83 हजार जातात, त्यात व्याज सुमारे 4.7 लाख आणि मुद्दल फक्त 1.1 लाख. व्याजातून भाड्याचे 1.8 लाख वजा केले तर 2.9 लाखांची तूट राहते. घराचा भाव वर्षाला चारेक टक्क्यांनी वाढला तर ही तूट कशीबशी भरून निघते, आणि तुमच्या 23 लाखांवरचं व्याज यात अजून धरलेलंच नाही. भाव वाढतीलही. पण वाढलेल्या भावातून किराणा भरता येत नाही, त्यासाठी घर विकावं लागतं.

तुमच्या गावातले आकडे घालून हाच हिशोब पुन्हा करा. नाशिक, कोल्हापूर, नागपूर इथं भाव कमी तसं भाडंही कमी. दुकानाचा गाळा असेल तर परतावा सहसा फ्लॅटपेक्षा बरा मिळतो, पण गाळा रिकामा झाला की महिनोन्महिने रिकामा राहू शकतो. आणि कर्जत, दापोली, मुळशीकडचे प्लॉट या हिशोबात धरूच नका. त्यांचे गुण असतील, पण ते भाडं देत नाहीत.

पायरी 2: नोकरीकडून पगाराशिवाय काय मिळतं ते लिहा

यादीत सगळ्यात वर लिहा: कर्ज. बँक तुमच्याकडे पाहते तेव्हा तिला पगाराची स्लिप, फॉर्म 16 आणि पगार जमा होणारं खातं दिसतं. राजीनामा दिला की तुम्ही स्वयंरोजगारवाले. मग साधारण दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागितली जातात, भाड्याचं उत्पन्न पूर्ण धरलं जात नाही, दरही थोडा चढा लागू शकतो. मालमत्तेत वाढायचं म्हणून नोकरी सोडणाऱ्या माणसाची पुढची दोन-तीन वर्षं नवं कर्ज मिळण्याची शक्यताच आखडते. मला वाटतं, या एका मुद्द्यावर फारच कमी लोक विचार करतात.

दुसरं, कर. भाड्याच्या घराचं व्याज भाड्यापेक्षा जास्त असेल तर तोटा होतो. जुन्या करप्रणालीत त्यातला 2 लाखांपर्यंतचा तोटा पगारातून वजा करता येतो. नव्या प्रणालीत तो पगारातून वजा होत नाही आणि पुढच्या वर्षांतही नेता येत नाही. 2023-24 पासून नवी प्रणालीच मूळ धरली जाते, जुनी हवी असेल तर निवडावी लागते. तेव्हा ‘दुसरं घर घे, कर वाचेल’ हा सल्ला देणाऱ्याला आधी विचारा, कुठल्या प्रणालीत? उलट बाजूही सांगायला हवी. नोकरी सोडून भाड्यावर जगणाऱ्याला कराचा त्रास फारसा नाही. मिळकतकर वजा करून उरलेल्या भाड्यातून 30 टक्के सरसकट वजावट मिळते, आणि 2025-26 पासून नव्या प्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर लागत नाही. त्यामुळे कर हे नोकरीला चिकटून राहायचं कारण होऊ शकत नाही.

तिसरं, आरोग्य विमा. कंपनीच्या पॉलिसीत बऱ्याचदा आई-वडील असतात, मधुमेह-रक्तदाब पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. स्वतःची नवी पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

बाकीचं पटकन: ग्रॅच्युइटीसाठी कायम नोकरीत सलग 5 वर्षं लागतात. पीएफमधून मिळणाऱ्या निवृत्तिवेतनासाठी 10 वर्षांची सेवा लागते. सलग 5 वर्षं पूर्ण व्हायच्या आत स्वतःहून नोकरी सोडून पीएफ काढला तर कर लागतो. तुम्ही साडेचार किंवा साडेनऊ वर्षांवर असाल तर कॅलेंडर पाहून निर्णय घ्या.

पायरी 3: पगार आणि भाडं एकाच वेळी थांबू शकतं का?

समजा तुम्ही हिंजवडीत आयटीत आहात. फ्लॅटही वाकडला घेतलाय, कारण ‘आयटीवाले भाडेकरू मिळतात’. मार्च 2020 नंतर काय झालं ते आठवा. कंपन्यांनी घरून काम सुरू केलं, पोरं सामान बांधून लातूर, अकोला, इंदूरला गेली, आणि हिंजवडी-खराडीच्या पट्ट्यातले फ्लॅट रिकामे पडले. ज्या उद्योगातून तुमचा पगार येतो, त्याच उद्योगातून तुमचं भाडंही येत असेल, तर वाईट दिवस आले की दोन्ही एकदम थांबतात. हप्ता मात्र थांबत नाही.

म्हणून एका वहीत दोन रकाने करा. डावीकडे तुमच्या घराचं उत्पन्न कोणत्या उद्योगावर अवलंबून आहे ते, नवरा-बायको दोघांचंही. उजवीकडे प्रत्येक भाडेकरूचं. दोन्हीकडे तेच नाव आलं तर नोकरी सोडायचा विचार बाजूला ठेवा आणि आधी मालमत्ता बदला. आयटीत असलेल्यानं ससून रुग्णालयाजवळ, विद्यापीठाजवळ किंवा जुन्या बाजारपेठेजवळ घर घेतलं, तर त्याचे भाडेकरू वेगळ्या कारणांनी येतात आणि जातात.

हप्त्याचंही तसंच आहे. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर (ती बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो) 4 वरून 6.5 टक्क्यांवर नेला आणि रेपोला जोडलेली गृहकर्जं मागोमाग महागली. वरच्या उदाहरणातला दर दोन टक्क्यांनी चढला तर हप्ता 48,600 वरून 56,000 च्या जवळ जातो. भाडं त्या वेगानं वाढत नाही. पगारदार माणूस हे ओव्हरटाइम करून, बोनस वळवून, मुदत वाढवून निभावतो. पगार नसेल तर घर विकायचं, आणि तेही ज्या वेळी बाकीचेही विकायला निघालेले असतात तेव्हा.

पायरी 4: तुम्हाला गुंतवणूक करायचीय की धंदा?

भाड्यानं दिलेले दोन-तीन फ्लॅट सांभाळायला माणूस पूर्णवेळ लागत नाही. वर्षातून एकदा करार, अधूनमधून प्लंबर, सोसायटीची सर्वसाधारण सभा, दोन वर्षांनी भाडेकरू बदल. एवढ्यासाठी नोकरी सोडली तर दुपारी बारापर्यंत तुमचं काम संपलेलं असेल आणि हातात फ्लॅटमागे पंधरा हजार असतील.

धंदा वेगळा. पीजी (पेइंग गेस्ट) चालवणं म्हणजे स्वयंपाकी, झाडूवाला, पाण्याचा टँकर आणि रात्री अकराला किल्ली हरवलेला मुलगा. जुनी घरं घेऊन, कागद साफ करून, दुरुस्त करून विकणं हाही धंदाच. त्यात सात-बारा, इंडेक्स 2 (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा), तीस वर्षांचा शोध अहवाल आणि भावकीची भांडणं वाचता यावी लागतात. एजंट व्हायचं असेल आणि महारेराकडे (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी झालेल्या प्रकल्पांतली घरं विकायची असतील तर महारेराची नोंदणी लागते आणि त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. या कामांतून पगाराइतके पैसे मिळू शकतात, पण ती शनिवार-रविवारी उरकता येत नाहीत. नोकरी सोडायचीच तर अशा कामासाठी सोडण्यात अर्थ आहे, आणि तेही वर्षभर कुणा जाणत्याच्या हाताखाली ते काम पाहून मगच.

घर घेऊन लगेच विकायचा विचार असेल तर 24 महिन्यांची खूण लक्षात ठेवा. त्याआधी विकलं तर नफा तुमच्या नेहमीच्या उत्पन्नात मिळवला जातो आणि स्लॅबप्रमाणे कर लागतो. त्यानंतर विकलं तर 12.5 टक्के. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घराला निवासी भारतीयाला महागाई निर्देशांक धरून 20 टक्क्यांचा जुना पर्यायही आहे. दोन्ही मांडून जो कमी तो भरावा.

नोकरीत राहून धंदा करणाऱ्यांनी नेमणूकपत्र काढून वाचावं. भाडं घेण्यावर सहसा कुणाचा आक्षेप नसतो, दलालीवर असू शकतो. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 लागू आहेत: स्थावर मालमत्तेचा व्यवहार कळवावा लागतो, आणि परवानगीशिवाय खासगी धंदा करता येत नाही. बायकोच्या किंवा भावाच्या नावावर केलं की सुटलो, असं समजणारे पुढे चौकशीत अडकतात.

पायरी 5: सहा महिने पगार नाही असं समजून जगा

वेगळं बचत खातं उघडा. पगार आला की त्याच दिवशी सगळाच्या सगळा तिकडे वळवा. घरखर्च, शाळेची फी, हप्ते, आई-वडिलांची औषधं, गणपती-दिवाळी, हे सगळं भाडं आणि जे काही बाजूचं उत्पन्न आहे त्यातून भागवा. या सहा महिन्यांत एखादा सण आणि एखादा मोठा खर्च, शाळेचं नवं वर्ष किंवा विम्याचा हप्ता, नक्की येईल असे महिने निवडा. जून ते नोव्हेंबर चांगला.

पगाराच्या खात्याला कितीदा हात लावावा लागला, तेवढंच लिहून ठेवा. दुसऱ्याच महिन्यात लावावा लागला तर उत्तर मिळालं. सहा महिने लावावा लागला नाही, तर तुमच्याकडे सहा पगार शिल्लक आहेत, म्हणजे परीक्षेची फीसुद्धा परत मिळाली.

भाडेकरूचं डिपॉझिट या काळात खर्चाला वापरायचं नाही. ते त्याचं आहे, जाताना परत द्यायचं आहे. मुंबईत जास्त डिपॉझिट घेऊन कमी भाडं घेणारे मालक तेच पैसे वापरून टाकतात आणि भाडेकरू निघाला की धावाधाव करतात.

पायरी 6: सोडायची तर किमान हे हवं

हे माझे निकष आहेत. तुम्ही थोडे इकडे-तिकडे करू शकता, पण फार नाही.

हातात पडणारं भाडं, पायरी 1 प्रमाणे काढलेलं, घरखर्चाच्या दीडपट. राहत्या घरावर कर्ज नाही. बाकीच्या मालमत्तांचे सगळे हप्ते मिळून एकूण भाड्याच्या निम्म्याहून कमी. बारा महिन्यांचा खर्च आणि बारा महिन्यांचे हप्ते एफडीत किंवा लिक्विड फंडात. भाडेकरू किमान तीन, वेगवेगळ्या उद्योगांतले. जोडीदार पगारदार असेल तर यातला एखादा निकष सैल करायला हरकत नाही, कारण मग घरात एक सॅलरी स्लिप शिल्लक राहते.

बहुतेकांना यातले दोन-तीनच जमतात. त्यांनी मधला मार्ग पाहावा: जास्त पगाराची धकाधकीची नोकरी सोडून कमी पगाराची, घराजवळची धरणं, आठवड्यातून तीन दिवस सल्लागार म्हणून काम करणं, किंवा कंपनी देत असेल तर बिनपगारी दीर्घ रजा घेणं. बँकेच्या आणि विम्याच्या नजरेत छोटी नोकरीसुद्धा नोकरीच असते.

नोकरी ठेवायची ठरली तर

मालमत्ता अशी घ्या जिला तुमची कमीत कमी गरज पडेल. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं तयार घर, तासाभराच्या अंतरावर, चालती सोसायटी. अशा घरावर जीएसटी नाही आणि भाडं लगेच सुरू होतं. बांधकाम चालू असलेल्या घरावर सहसा 5 टक्के जीएसटी लागतो, ताबा मिळेपर्यंत भाडं शून्य आणि तुम्ही स्वतः भाड्यानं राहत असाल तर दुहेरी भार. घ्यायचंच असेल तर जाहिरातीवरचा महारेराचा क्यूआर कोड स्कॅन करून प्रकल्पाची ताबा तारीख किती वेळा पुढे ढकलली ते पाहा, आणि करार नोंदवण्याआधी 10 टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नका. कायदा तेच सांगतो. किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना 1 टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी तुमची आहे.

भाडेकराराची नोंदणी आता आधार आणि बोटाच्या ठशावर घरबसल्या होते, त्यासाठी रजा टाकावी लागत नाही. नोंदणीची जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे मालकावर आहे. करार न नोंदवता ‘ओळखीचाच आहे’ म्हणून घर देणारा माणूस पुढे घर रिकामं करून घ्यायला खरोखरच नोकरी सोडून फिरतो.

आणि बोनस मिळाला की तिसऱ्या फ्लॅटच्या टोकनला देण्याआधी पहिल्याचं कर्ज थोडं फेडा. वैयक्तिक गृहकर्जाचा दर बदलता असेल तर मुदतपूर्व फेडीवर दंड लागत नाही. पाच वर्षांनी नोकरी सोडायची इच्छा असलेल्याला दोन कर्जमुक्त घरं चार कर्जाच्या घरांपेक्षा जास्त उपयोगाची.

सोडायचीच ठरली तर हा क्रम

आधी स्वतःचा आरोग्य विमा, राजीनाम्याच्या कितीतरी आधी. कंपनीच्या पॉलिसीतून वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का तेही विमा कंपनीला वेळेत विचारा. टर्म विमाही आधीच घ्या, कारण त्याला उत्पन्नाचा पुरावा लागतो.

मग कर्जाची कामं: दर कमी करून घेणं, दुसऱ्या बँकेत हलवणं, लागलं तर टॉपअप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज. हे नोकरीत असताना करा. राजीनामा देऊन झाल्यावर तो लपवून कर्ज मागायचं मात्र नाही, ती बँकेची फसवणूक होते. बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे मिळणारं कर्ज अर्धंच उचललेलं असेल तर आधी बँकेत बोला. नोकरी गेल्याचं कळल्यावर पुढच्या टप्प्याचे पैसे देताना बँक नव्यानं कागद मागू शकते आणि बिल्डर तर थांबणार नाही.

त्यानंतर ग्रॅच्युइटी, बोनस, शिल्लक रजांचे पैसे यांच्या तारखा पाहून राजीनाम्याचा दिवस ठरवा. पीएफ लगेच काढू नका.

शेवटी पगाराचं खातं. त्यात काही महिने पगार आला नाही की बँक ते साध्या बचत खात्यात बदलते आणि किमान शिल्लक ठेवावी लागू शकते. घरांचे हप्ते बहुधा याच खात्यातून आपोआप कापले जातात. भाडं येणाऱ्या खात्यातून ते कापले जातील अशी सूचना बँकेला लेखी द्या, पहिला हप्ता तिथून कापला गेल्याचं पाहा आणि मगच जुन्या खात्यातले पैसे हलवा. हप्त्याच्या तारखा भाडं येण्याच्या तारखेनंतर, 10 किंवा 15 ला, करून घ्या. भाडेकरू पाच तारीख म्हणाला तरी आठ उजाडते.